उतरायचं कुठे? मुंबईतल्या मुक्कामाची गोष्ट

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा घरगुती आहे. गावाकडून कुणी मुंबईला निघालं की आपण पहिल्यांदा काय विचारतो? काय काम काढलंस, हे नंतर. आधी विचारतो, "उतरणार कुठे?" मराठीची गंमत बघा. गाडीतून खाली पाय ठेवला की ते उतरणं, आणि कुणाच्या घरी मुक्कामाला राहिलो की तेही उतरणंच. "दादरला उतरलो" आणि "मावशीकडे उतरलो", क्रियापद एकच. गाडीतून उतरलेला माणूस कुणाकडे तरी उतरणारच, असं आपल्या भाषेनं गृहीत धरलेलं आहे.

मुंबईनं मात्र ते कधीच गृहीत धरलं नाही. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांकडून आपण सगळ्यांनी एक म्हण ऐकलेली आहे. मुंबईत रोटला मिळेल, ओटला मिळणार नाही. म्हणजे पोटाला भाकरी मिळेल, पाठ टेकायला ओटा मिळणार नाही. आज हॉटेलांच्या ॲपवर तारखा टाकून आकडे बघताना आपल्याला जो धक्का बसतो ना, तो या म्हणीइतका तरी जुना आहे.

आज मला एवढंच सांगायचंय की या शहरात मुक्काम मिळवायला बाहेरून आलेल्या माणसानं तीन चलनं वापरली. ओळख, पैसा आणि अंतर. ज्याची ओळख होती तो आपल्या माणसांत राहिला. ज्याच्याकडे पैसा होता तो हॉटेलात राहिला. ज्याच्याकडे दोन्ही बेताचं होतं त्यानं लांब राहून रोजचा प्रवास मोजला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांचा इतिहास मुख्यतः या तिसऱ्या चलनाचा आहे. पण एक चौथा हिशेबही आहे, तो कुठल्या वहीत लिहिला गेला नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

सगळ्यात जुना मुक्काम बोरिवलीत

सुरुवात ताजमहाल हॉटेलपासून करतील, असं तुम्हाला वाटलं असेल. पण मुंबई परिसरातली मुक्कामाची सर्वांत जुनी व्यवस्था कुलाब्यात नाही, ती बोरिवलीच्या मागच्या डोंगरात आहे. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. सहलीला गेलो की आपण मोठं चैत्यगृह आणि बुद्धाच्या उंच मूर्ती बघून परत येतो. पुढच्या वेळी लहान लेणी बघा. बहुतेकांची रचना सारखी आहे. पुढे व्हरांडा, आत एखादी खोली, झोपायला दगडातच कोरलेला ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. आजच्या भाषेत वन रूम, किचन नाही, पण पाणी चोवीस तास. (हशा)

ही सोय कुणी केली? तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं आहेत. कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चेमुल म्हणजे चौलचे. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे टाकं. कुणी अक्षयनीवी ठेवली. म्हणजे मूळ रकमेला किंवा जमिनीला हात लावायचा नाही, तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या गरजा भागवायच्या. आपल्या ट्रस्टची कायम ठेव म्हणतात ना, तीच कल्पना. सोपारा आणि कल्याण या दोन बंदरांच्या मधल्या डोंगरात, पावसाळ्यात फिरणं बंद करून एका जागी राहणाऱ्या भिक्षूंसाठी, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हे चाललेलं होतं. अंधेरीतही महाकाली, म्हणजे कोंदिवट्याची लेणी आहेत, सीप्झपासून फार लांब नाहीत.

कान्हेरीत दोन गोष्टी ठरल्या, असं मी म्हणतो. एक, राहायला जागा देणं हे पुण्याचं काम. दोन, ती जागा कुणासाठी आहे हे आधी ठरलेलं. तिथले ओटे संघाचे होते, कुणाही वाटसरूचे नव्हते. पुढच्या सगळ्या धर्मशाळांत या दोन्ही गोष्टी आपल्याला भेटतात.

ओळखीचं चलन

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचं. तोपर्यंत मुंबई इतकी माणसं ओढायला लागली होती की त्यांच्या उतरण्याची व्यवस्था हा समाजासमाजाचा उद्योगच झाला. सी. पी. टँकच्या परिसरात बघा, हिराबाग, माधवबाग. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दिक मुसाफिरखाना. हाजी इथून जहाजानं जात, तोवर थांबायला जागा हवी. तो मुसाफिरखाना इतका ओळखीचा झाला की आजूबाजूच्या बाजारालाही लोक मुसाफिरखानाच म्हणू लागले.

धोबी तलावला गोवेकरांच्या कूड होत्या, काही अजून आहेत. जेर महाल इमारतीत अजून पाट्या दिसतात. कूड म्हणजे कोकणीत खोली. गोव्यातल्या एकेका गावाची मुंबईत एकेक कूड. बोटीवर खलाशी, स्वयंपाकी, वादक म्हणून काम करणारा माणूस एका जहाजातून उतरून दुसरं मिळेपर्यंत तिथे राहणार. भाडं अगदी नाममात्र. प्रत्येकाला एक पेटी ठेवण्यापुरती जागा. भिंतीशी गावच्या सायबाची, म्हणजे संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. चुकवायची नाही. म्हणजे भाडं कमी, पण गावची शिस्त पूर्ण.

आपल्या गिरणगावात हेच गावच्या खोलीच्या रूपानं होतं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या गावांच्या खोल्या लालबाग-परळ-डिलाईल रोडला होत्या. काही भागात तिला गाळा म्हणत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-तीस पुरुष. ते मावत कसे? पाळीमुळे. दिवसपाळीवाला निजायला आला की रात्रपाळीवाला उठून गेलेला. भिंतीला खुंट्या, खुंटीला पिशवी, खाली ट्रंक. नवा पोरगा भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला की खिशात एक चिठ्ठी, तिच्यावर खोलीचा पत्ता. नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे कुणी पैसे मागायचं नाही. लागली की पहिल्या पगारातून खोलीचा हप्ता आणि गावच्या देवळाची वर्गणी.

जेवायला खानावळ. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या त्या बायका, त्यांची १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात बांधणी केली, ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मला इथे एवढंच नोंदवायचंय की पुरुषाचा स्वस्त मुक्काम कुठल्यातरी बाईच्या चुलीवर उभा होता. हा धागा लक्षात ठेवा.

ज्याची ओळखच आडवी आली

हे सगळं ऐकायला फार गोड वाटतं. आपला गाव, आपली माणसं. पण ओळख हे चलन असेल तर एक प्रश्न येतोच. ज्याची ओळखच दारात अडवली जाते, त्यानं काय करायचं?

१९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशात शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले. शहर अनोळखी. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते पारशी धर्मशाळेत उतरले, तेही पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. सामान घेऊन ते बागेत जाऊन बसले आणि रात्री मुंबईच्या गाडीत चढले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कोलंबियात शिकलेला, लंडनहून आलेला माणूस, दरबारची नोकरी हातात, आणि राहायला खोली नाही. पैसा होता. अंतराचाही प्रश्न नव्हता. पहिलं चलन मात्र त्यांच्या हातात घेऊन कुणी वटवलं नाही.

आता पुढची तारीख. ४ ऑगस्ट १९२३. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपण तो महाडच्या चवदार तळ्यामुळे लक्षात ठेवतो आणि ते बरोबरच आहे. पण ठरावाचा मजकूर नीट वाचा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि त्यांच्याच ओळीत धर्मशाळा. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात आहे. पाणी आणि मुक्काम हे दोन्ही हक्क एकाच ठरावात मागितले गेले, कारण वाटेवरच्या माणसाची अडवणूक याच दोन ठिकाणी होत असे.

याच काळात गाडगेबाबा धर्मशाळा बांधत होते. पंढरपूरला त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. दादरला त्यांच्या नावानं चालणारी मिशनची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांचा मोठा आधार आहे. तिथे प्रवेशासाठी आजाराचे कागद लागतात. धर्मशाळेच्या दारात विचारला जाणारा प्रश्न बदलला. "कोण तू?" होता, "काय दुखतंय?" झाला. मुंबईच्या मुक्कामाच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोठी सुधारणा वाटते, हॉटेलांपेक्षा मोठी.

पैशाचं चलन

हॉटेलांचं थोडक्यात सांगतो. १८६०च्या दशकात काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल उभं राहिलं. लोखंडी सांगाडा इंग्लंडातून आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवला. १६ डिसेंबर १९०३ला ताज सुरू झालं. पण गंमत अशी की मराठी माणसाच्या इतिहासात यापेक्षा मोठं नाव एका लॉजचं आहे. सरदारगृह, क्रॉफर्ड मार्केटसमोर. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२०ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. ज्यांच्या अंत्ययात्रेला अख्खी मुंबई लोटली, त्यांचा मुंबईतला पत्ता लॉजचा होता. गांधीजी त्याच काळात मणिभवनात उतरत. ते त्यांचे स्नेही रेवाशंकर झवेरींचं घर. एक पुढारी लॉजवर, एक मित्राच्या घरी. मला वाटतं, लॉजवर कार्यकर्त्याला रात्री-अपरात्री जिना चढून येता येतं, घरमालकाची परवानगी लागत नाही, हा टिळकांच्या सोयीचा भाग असावा.

मग हे मधल्या वर्गाचं, परवडणारं लॉज पुढे वाढलं का नाही? त्याचं एक उत्तर कायद्यात आहे. १९४७ सालच्या भाडे नियंत्रण कायद्याचं पूर्ण नाव आपण घेत नाही. मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम. हॉटेल आणि लॉजच्या दरांवरही सरकारला नियंत्रण ठेवावंसं वाटलं, इतकी युद्धानंतर जागेची ओढाताण होती. भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. जो भाडेकरू आत होता त्याला संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. जो बाहेर होता त्याच्यासाठी दार अरुंद झालं. पागडी आली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक म्हणाले, आता पाहुण्यालासुद्धा खोली देताना विचार करू. ११ महिन्यांच्या कराराची जी सवय आपल्या हाडीमासी भिनली आहे, तिच्या मुळाशी ही भीती आहे. सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला.

म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत बाहेरून चार दिवसांसाठी आलेल्या साध्या माणसाला शहरात जागा कमी होत गेली. आमदार निवासात खोली मिळवायला आमदाराची चिठ्ठी हवी, म्हणजे पुन्हा ओळख. मग हा माणूस गेला कुठे? तो आपल्याकडे आला.

अंतराचं चलन

आपल्याकडे म्हणजे उपनगरांत. १६ एप्रिल १८५३ची बोरीबंदर-ठाणे गाडी सगळ्यांना पाठ आहे. पश्चिमेची तारीख कमी माहीत आहे. १२ एप्रिल १८६७ला विरारहून बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली, दिवसाला जाऊन-येऊन एक. तेव्हाच्या स्थानकांच्या यादीत बोरिवलीचं नाव बेरेवला, गोरेगावचं पहाडी आणि अंधेरीचं अंदारू असं होतं. तेव्हा ही गावं होती, भातशेती आणि मिठागरं. १८९६ला प्लेग आला तशी शहरातली माणसं बाहेर पडून मोकळ्या हवेत राहू लागली. पुढे घाटकोपर-मुलुंडची कीर्ती हवापालटाची जागा अशीच होती. १९२०च्या दशकात मुलुंडची आखणी झाली, काटकोनातले सरळ रस्ते ही त्याचीच खूण. १९२५ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी, १९२८ला बोरिवलीपर्यंत. १९५०ला महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली, १९५७ला दहिसर आणि मुलुंडपर्यंत. आता मुलुंडचा माणूस पत्त्यात मुंबई ८० लिहू लागला आणि गावाकडच्यांच्या दृष्टीनं त्यांचा नातेवाईक मुंबईला राहायला लागला.

नातेवाइकाचा पत्ता कुठला? घाटकोपरचं पंतनगर, अंधेरीचं डी. एन. नगर, अशा हाउसिंग बोर्डाच्या वसाहती. किंवा बोरिवली-मुलुंडमधली नवी सोसायटी. एक खोली, स्वयंपाकघर, गॅलरी. गिरण्या डळमळल्या, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरणगावातली गावची खोली हळूहळू रिकामी झाली, आणि तिचं काम उपनगरातल्या या गॅलरीनं उचललं.

इथे मला तुम्हाला एक विचारायचंय. ज्यांच्या लहानपणी घरी गावाकडचं माणूस महिनोन् महिने राहिलेलं आहे त्यांनी हात वर करा. बघा. निम्म्याहून जास्त आहेत. कुणाचा चुलतभाऊ कॉलेजसाठी, कुणाचा मामा नोकरीसाठी, कुणाची आत्या उपचारांसाठी. मुंबईतली सर्वांत मोठी धर्मशाळा कुठल्या ट्रस्टनं बांधली नाही. ती आपल्या आईवडिलांच्या दीडशे-दोनशे चौरस फुटांत, पाटीशिवाय चालली.

तिचे नियम काय होते? पाहुणा येताना तांदळाचं गाठोडं, कोकम, फणसपोळी, घाटावरचा असेल तर ज्वारी-गूळ घेऊन यायचा. तेच भाडं. गाद्या रात्री घालायच्या, पहाटे गुंडाळायच्या. नळाला पाणी पहाटे येणार, त्याच्या आत उठायचं. गाडी गाठणाऱ्याची आंघोळ आधी. रेशनकार्डावर पाहुण्याचं नाव नाही, पण साखर आणि रॉकेल त्यालाही लागणार.

आणि आता तो चौथा हिशेब. पाहुण्याचं अंतर पाहुणा मोजत होता, रोज फलाटावर उभा राहून. पण घरातली बाई त्याच्या आधी उठत होती. डबा त्याचाही. कपडे बदलायला जागा नाही म्हणून मोरीत जायचं, आजारी पाहुण्याचं पथ्य वेगळं शिजवायचं, सासरचा माणूस असेल तर तक्रार करायची नाही. "आमच्या घरी दहा-दहा माणसं असायची" असं आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण तेव्हा आई रात्री झोपत किती वाजता होती, हे कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. खानावळीतल्या बाईला निदान महिन्याचे पैसे मिळत. पुढे तिची संघटनाही झाली. घरातल्या बाईचं काम पाहुणचार या शब्दात बसवलं आणि विषय संपवला.

म्हणून आज कुणी म्हणतं की माणसं बदलली, आता कुणी कुणाला ठेवून घेत नाही, तेव्हा मी लगेच मान डोलवत नाही. घरातल्या बाई आता स्वतः सात पन्नासची लोकल पकडतात. ठेवून घेणं ज्यांच्या जिवावर चाललं होतं त्यांना नाही म्हणायची मुभा मिळाली, हाही त्या बदलाचा एक अर्थ आहे. अडचण एवढीच की त्या जागी दुसरं काही आपण उभं केलं नाही.

आज उतरायचं कुठे

या काळात पैशाचं चलनही उपनगरात आलं. विमानतळ सांताक्रूझ-सहारला. १९७३ला अंधेरीत सीप्झ सुरू झालं, मरोळला औद्योगिक वसाहत. कामासाठी येणाऱ्याला फोर्टात राहायचं कारण उरलं नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पंचतारांकितापासून साध्या लॉजपर्यंत सगळं उभं राहिलं. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, साडेअकरा किलोमीटरच्या आत, १२ स्थानकं. आपली उपनगरं तोवर उत्तर-दक्षिण जोडलेली होती, पूर्व-पश्चिम नव्हती. घाटकोपरच्या माणसाला अंधेरीला जायला बसमध्ये तास-दीड तास लागायचा, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदला. या एका मार्गानं मुक्काम निवडण्याचं गणितच बदललं.

तेव्हा लोक मला विचारतात की इतिहास ठीक आहे, पण पाहुण्याला सांगू काय? मी चार गोष्टी सांगतो.

एक, मुंबईत राहायची जागा किलोमीटरनं निवडू नका, मार्गानं निवडा. काम परळला असेल तर घाटकोपर-मुलुंड जवळ. काम गोरेगावला असेल तर बोरिवली जवळ, मग नकाशावर मुलुंड कितीही शेजारी दिसो, मध्ये डोंगर आहे. कान्हेरीचा तोच डोंगर.

दोन, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या चारही ठिकाणी जलद गाड्या थांबतात, आणि बोरिवली-अंधेरीहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरची साधी खोली ही रिक्षानं अर्ध्या तासावरच्या चकचकीत खोलीपेक्षा स्वस्त पडते. खोलीच्या भाड्यात रिक्षाचं भाडं आणि वेळ मिळवून बघा.

तीन, गावाकडून येणाऱ्या सगळ्यांनी दादर-सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. लांबच्या बऱ्याच गाड्या ठाण्याला, बोरिवलीला थांबतात. बोरिवलीला नॅन्सी कॉलनीत एसटीचा डेपो आहे. जिथे गाडीतून उतरता येतं तिथेच मुक्कामाला उतरता आलं तर सामानासह लोकलमध्ये चढायची वेळ येत नाही.

चार, आणि हे महत्त्वाचं. दोन दिवसांचा मुक्काम आणि दोन महिन्यांचा मुक्काम हे वेगवेगळे प्रश्न आहेत. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला परळला सुरू झालं. तेव्हापासून देशभरातून माणसं येतात. रेडिएशन बऱ्याचदा आठवड्यातले पाच दिवस असे कित्येक आठवडे चालतं. रोजचं हॉटेल कुणाला परवडणार? अशा माणसाला मुक्काम मिळाला नाही तर तो उपचार अर्धवट टाकून गावी परततो. नाहीतर रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर पथारी टाकतो. तुम्ही सगळ्यांनी ते बघितलंय. त्याला आधी गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती असे पत्ते द्या, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे जायला सांगा. हॉटेलं नंतर. आणि निघायच्या आधी विचारा, कारण तिथल्या खाटा मोजक्या आहेत.

शेवटचं बोलतो आणि थांबतो. आपल्या उपनगरांत समाजाच्या वाड्या आहेत, मंगल कार्यालयं आहेत, सोसायट्यांचे हॉल आहेत. लग्नाच्या तारखा सोडल्या तर कितीतरी दिवस त्यांना कुलूप असतं. मी हिशेब मांडलेला नाही, तुम्हीच आपापल्या गल्लीत नजर टाका. तिथे दोन खोल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ठेवल्या, आडनाव न विचारता, फक्त रुग्णालयाचा कागद बघून, स्वच्छतेचे पैसे घेऊन आणि स्वयंपाक कुणा एका बाईच्या गळ्यात न टाकता, तर किती होईल? कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी त्या डोंगरात एकेक टाकं आणि एकेक ओटा दिला होता. एकट्यानं सगळी लेणी कुणीच दिली नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील किंवा आजोबा या शहरात कुणाच्यातरी ओट्यावर उतरले होते. तो ओटा कुणाचा होता आणि पहाटे उठून चूल कोण पेटवत होतं, एवढं आज घरी गेल्यावर विचारा. सांगणारी माणसं अजून आहेत. विचारलंत तर लिहूनही ठेवा.